एकेचाळीस नंबरच्या बिल्ल्याची दोन भोकं

मित्रांनो, माझ्या अंगावर दोन भोकं आहेत. एक मोठं आहे, कडेने फाटल्यासारखं. दुसरं लहान आणि साफ. दोन्ही मोळ्याने, म्हणजे जाड खिळ्याने, पाडलेली आहेत, एकाच फाटकावर, एकाच माणसाच्या हाताने. दोहोंच्या मध्ये चौदा वर्षं गेली. ती दोन भोकं कोणाची, हे मी सांगणार आहे. जे ऐकलं ते ऐकलं म्हणून सांगेन आणि जे माझ्यासमोर घडलं ते घडलं तसं सांगेन. मी एक जुना पितळी बिल्ला आहे. माझा नंबर एकेचाळीस.

अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या अलीकडे, एका तांबटाच्या दुकानात मी जन्मलो. फुटक्या परातींच्या पत्र्यातून आम्हा साठ जणांना कापून काढलं. परात असताना माझ्यात कोणाच्या घरची कणीक मळली जात होती म्हणे. मला ते आठवत नाही, म्हणून त्याबद्दल मी काही बोलत नाही. आम्हाला गोल घासलं, डोक्यावर दोरी ओवायला कडी बसवली, अंगावर आकडे ठोकले आणि एका पोत्यात घालून जिनात पाठवलं.

जीन म्हणजे कापसातून सरकी काढायची गिरणी. आमच्या जिनात साठ यंत्रं होती, तीस-तीसच्या दोन ओळींत. प्रत्येक यंत्रापुढे एक बाई उभी राही. ती मुठी-मुठीने कापूस आत सारी. एका अंगाने रुई बाहेर पडे, खाली सरकी गळे. दिवाळीनंतर हंगाम सुरू होई आणि होळीपर्यंत चाले. माझी जागा भिंतीकडच्या ओळीत होती. त्या भिंतीच्या पलीकडे सरकीचं कोठार होतं आणि भिंतीत एक झरोका होता. त्या झरोक्यातून वारा येई म्हणून ती जागा चांगली समजत. पुढे तोच झरोका नडला.

जिनात बाईला नाव नव्हतं. 'एकेचाळीस आली', 'एकेचाळीसचा कापूस संपला', असंच बोलणं होई. आणि एकेचाळीस म्हणजे एकच बाई, असंही नव्हतं. जागा घराची असे. बाई बाळंत झाली की तिची जाऊ येई, जाऊ आजारी पडली की नणंद येई. जिच्या पदराला बिल्ला बांधलेला, ती त्या दिवसाची एकेचाळीस. फाटकावर गोवर्धन मुनीम बसे. तो तोंडाकडे बघतच नसे. त्याची नजर पदराच्या गाठीवर असे. साठ बिल्ले आत गेले की त्याचं काम झालं. ही रीत सगळ्यांच्या सोयीची होती आणि तिच्यात कोणाला कधी काही वावगं दिसलं नाही.

मी तानुबाईच्या घरी गेलो. ही माळ्याची विधवा बाई. नदीकाठी तिचा वांग्या-मेथीचा मळा होता. तो तिचा मुलगा शेषराव करी आणि सून सुभद्रा डोक्यावर पाटी घेऊन बाजारात विकी. तानुबाईचा हात यंत्रावर असा बसला होता, की जिनाच्या साहेबाने एकदा तिच्या रुईची मूठ उचलून सगळ्यांना दाखवली. "एकेचाळीस नंबर!" असं तो मोठ्याने म्हणाला. त्या दिवशी तिने मला राखेने घासलं. मित्रांनो, तेवढंच माझं कौतुक. त्यानंतर मला कोणी कौतुकाने हातात घेतल्याचं मला माहीत नाही.

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडल्याला एक-दोन वर्षं झाली असतील, त्या हिवाळ्यात सरकीच्या कोठारात उंदीर पडू लागले. पहिल्या दिवशी चार, आठवड्याने टोपलीभर. प्लेग आला, हे गाव ओळखून होतं. लोक घरांना कड्या घालून शेतांत झोपड्या बांधून राहू लागले. बाजार उठला. तानुबाईच्या मळ्यातली मेथी जागीच पिवळी पडली, कारण ती विकत घ्यायला गावात माणूस नव्हता. घरात खाणारी तोंडं चार होती, त्यांतलं एक चार महिन्यांचं. सुभद्राला मुलगी झाली होती, वच्छला. त्या हिवाळ्यात त्या घरात चूल पेटत होती ती माझ्या जागेवर. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं या एका गोष्टीतून आलं आहे.

मग हुकूम आला. पंधरा दिवसांत ज्याने प्लेगची सुई टोचून घेतली नाही, त्याला पुढे जिनात पाय ठेवता येणार नाही. शिवाय रोज सकाळी फाटकावर ताप पाहिला जाईल. ताप निघाला तर तिथूनच रेल्वेपलीकडच्या इस्पितळात, चटयांच्या खोल्यांत रवानगी.

डॉक्टर पुण्याकडचे होते. शांत, कष्टाळू आणि बायकांशीही अहो-जाहो बोलणारे. त्याचंच बायकांना हसू येई.

बेचाळीस नंबरची पार्बताबाई म्हणाली, "मले 'तुम्ही बसा' म्हने वो! माह्या नवऱ्यानं आजलोक मले 'तुमी' म्हटलं नाई. त्याच्याच हातून टोचून घेतो मी."

"टोचून घेजो," दुसरी म्हणाली, "पन दंड दाखवा लागन बरं. रोज. फाटकावर. साऱ्या हमालाइच्या समोर."

इथे गाडं अडलं. टोचलेल्या बाईच्या दंडावर सुजेची खूण राही आणि ती पाहूनच आत सोडायचं, असं ठरलं होतं. बायका म्हणाल्या, सुई कनातीआड घेऊ, पण रोज उघड्यावर पदर काढून दंड दाखवणार नाही. डॉक्टरांनी नाव लिहिलेल्या चिठ्ठ्या देऊन पाहिल्या. त्या वाचणारं कोणी नव्हतं आणि दोन दिवसांत त्या कापसात हरवल्या. तेव्हा गोवर्धन मुनिमाने तोड काढली.

"डॉक्टरसायेब, बिल्ला तर रोजच येतो न. जे टोचून घेईन, तिच्या बिल्ल्याले भोक पाडू. पदर न् बिदर काई नाई. भोक दिसलं का आत."

डॉक्टरांना ते पटलं. साहेबांना पटलं. बायकांनी तर मुनिमाला दुवा दिला. बायकांच्या अब्रूसाठी काढलेली ती तोड होती. तिच्यात कोणाचंही वाईट मन नव्हतं, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. बिल्ला घराचा आणि सुई अंगाची, हा फरक साठ बायका, एक मुनीम, एक साहेब आणि एक डॉक्टर यांच्यापैकी कोणाच्याही ध्यानात आला नाही.

मात्र बदली बंद झाली. साहेबांचा हुकूम मुनिमाने फाटकावर ओरडून सांगितला, "आतापासून एका बिल्ल्याची एकच बाई! दुसरी आली अन् सापडली, तर बिल्ला जप्त अन् जागा गेली! बाहेर पन्नास जनी बसल्या हायेत, पाहून ठेवा!"

खरोखरच बाहेर बायका बसलेल्या असत. तिवसा-मोर्शीकडूनही त्या हंगामाला आलेल्या होत्या.

तानुबाईच्या झोपडीत त्या दुपारी बोलणं झालं. मी खुंटीवर होतो.

सुभद्रा म्हणाली, "आत्याबाई, दोघीजनी टोचून घेऊ का?"

"तुह्या अंगावर लेकरू पेते. सुईनं दूध आटते म्हनतात," तानुबाई म्हणाली. "मी घेतो. जागा टोचली म्हनजे झालं. तुले कुठी जिनात जायाचं हाये?"

शेषराव म्हणाला, "जागा टोचली? अवो माय, सुई जाग्याले देतेत का मानसाले?"

"तू मेथी पाय आपली," तानुबाई म्हणाली. तिघंही हसली. त्या घरातलं एवढं हसणं मी त्यानंतर ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी कनातीआड तानुबाईच्या उजव्या दंडात सुई गेली. त्याच वेळी फाटकावरच्या ठोकळ्यावर मुनिमाने मला ठेवलं आणि माझ्या आकड्याखाली मोळा ठोकला. त्याचा हात बसलेला नव्हता. पहिल्या घावाला मोळा घसरला, दुसऱ्याला पत्रा फाटला. हे माझं पहिलं भोक. ते तानुबाईचं आहे.

सुईनंतर एक-दोन दिवस ताप येतो, दंड दुखतो, हे डॉक्टरांनी सगळ्यांना सांगितलं होतं. म्हणून फाटकावर एक नियम केला होता. बिनभोकाच्या बिल्ल्याला ताप असेल तर इस्पितळ. भोकाच्या बिल्ल्याला ताप असेल तर तो सुईचा ताप, त्या बाईला कामावर घ्या. नियम सोपा होता. सोपा असल्यामुळे भराभर चाले.

तानुबाईला मात्र सुई फार लागली. दुसऱ्या दिवशी तिला ताप चढला आणि हात खांद्यापर्यंत सुजला. मूठ मिटेना. यंत्रापुढे हात सैल सुटला तर बोटं जातात, म्हणून तशा हाताने उभं राहणं शक्य नव्हतं. घरी राहावं तर जागा रिकामी दिसणार आणि बाहेर पन्नास जणी बसलेल्या.

तानुबाईने मला सुभद्राच्या पदराला बांधलं. "दोन दिवस. तोंड खाली ठेवजो. कोनी इचारलं तर बोलू नको."

सुभद्राला कोणी विचारलं नाही. मुनिमाने भोक पाहिलं आणि म्हणाला, "एकेचाळीस. चाल."

ती तशी चपळ होती. पहिल्या दिवशी तिचा कापूस मागे पडला, दुसऱ्या दिवशी पडला नाही. पार्बताबाईने ओळखलंच होतं. यंत्रांच्या आवाजात ती ओरडली, "सासूच्या अंगात सुई अन् सुनंच्या पदराले भोक! चांगली वाटनी हाये वो तुमच्या घरची!"

"मोठ्यानं बोलू नका न काकी," सुभद्रा म्हणाली.

"मी काहून बोलू? माह्याही घरी जाऊ हाये."

दुपारच्या सुट्टीत तानुबाई एका हाताने वच्छलाला कडेवर धरून फाटकाशी येई. सुभद्रा कडुलिंबाखाली बसून तिला पाजी. मी त्या मुलीच्या मुठीत असे. तिला माझं भोक आवडे. ती त्यात बोट घालू बघे.

दोन दिवसांचे चार झाले, कारण सूज उतरेना. या चारही दिवसांत झरोक्याच्या पलीकडे उंदीर पडत होते. सकाळी ते फावड्याने ओढून जाळत. पण ते पडण्याआधी त्यांच्या अंगावर ज्या पिसवा होत्या, त्या कुठे जात हे तेव्हा कोणी विचारत नव्हतं. आता विचारतात. आता मलाही कळतं.

पाचव्या दिवशी सकाळी सुभद्राने उठून पाणी भरलं आणि घागर खाली ठेवताना ती तशीच बसली.

"आत्याबाई, अंग मोडून राहिलं. डोये जळून राहिले."

"थकली असशीन. सवय नाई तुले."

"इथी दुखते," म्हणून तिने जांघेशी हात नेला.

तानुबाईने तो हात पाहिला. मी खुंटीवरून पाहिलं, की तिने तो पाहिला. तिने वच्छलाला उचलून कडेवर घेतलं. मग म्हणाली, "आजचा दिवस काढ, सुभद्रे. उद्या मीच जातो. आज नाई गेली तर चार दिवस गेलेले वाया जातीन."

शेषराव तेव्हा मळ्यात होता. तो तिथे असता तर काय झालं असतं, ते मी सांगू शकत नाही.

सुभद्राला सरळ चालता येत नव्हतं, म्हणून तानुबाई बरोबर आली. कडेवर वच्छला होती. फाटकावर रांग होती. डॉक्टरांकडे काचेच्या तीन कांड्या होत्या. एकेक बाई कांडी काखेत धरी, मुनीम शंभरपर्यंत आकडे मोजी आणि कांडी परत घेतली जाई.

सुभद्राची कांडी डॉक्टरांनी उन्हाकडे धरून पाहिली. "एकशे तीन."

मुनिमाने पदराची गाठ पाहिली. "भोक हाये, सायेब. एकेचाळीस. सुईचा ताप."

"कधी टोचली होती?"

"पाच दिवस झाले."

डॉक्टर थांबले. मागे चाळीस बायका होत्या, भोंगा व्हायचा होता, तरी ते थांबले. मी त्यांचं हे थांबणं विसरत नाही. ते म्हणाले, "पाच दिवसांनी एवढा ताप राहत नाही. बाई, सुई तुम्हीच घेतलीत ना?"

 सुभद्राला बोलू नको म्हणून सांगितलेलं होतं. तिने मान वळवली आणि सासूकडे पाहिलं.

डॉक्टरांनीही तिकडे पाहिलं. "तुम्ही हिच्या कोण? हिनंच घेतली ना सुई?"

तानुबाईचा सुजलेला दंड पदराखाली होता. तिला तो पदर बाजूला सारायचा होता, एवढंच काम होतं. एका बाजूला रेल्वेपलीकडच्या चटईच्या खोलीतली एक खाट होती आणि दुसऱ्या बाजूला माझी जागा. बाहेर बसलेल्या बायकांपैकी दोघी उठून पुढे सरकल्या होत्या, कारण एखादा बिल्ला जप्त होणार असा वास त्यांना आला होता.

तानुबाई म्हणाली, "हो. तिनंच घेतली. माह्या देखत."

डॉक्टरांनी मान हलवली. "मग असेल. एखादीला राहतो," म्हणाले आणि पुढच्या बाईकडे कांडी केली. मुनीम म्हणाला, "चाल, एकेचाळीस."

मित्रांनो, सुभद्रा दुपारपर्यंत उभी राहिली. हे कसं, ते मला सांगता येणार नाही. तिच्या अंगाची आग पदरातून माझ्यापर्यंत येत होती आणि मी तापलो होतो. ती मूठ आत सारी आणि यंत्राच्या चौकटीला डोकं टेके, पुन्हा मूठ आत सारी. पार्बताबाईने दोनदा तिच्या पाटीतला कापूस आपल्याकडे ओढून घेतला. सुट्टीचा भोंगा झाला तेव्हा सगळ्या निघाल्या आणि सुभद्रा सरकीच्या ढिगावर बसली. मग आडवी झाली.

हमालांनी तिला दाराच्या फळीवर घालून फाटकाशी आणलं. तानुबाई कडुलिंबाखाली होती, लेकरू घेऊन. डॉक्टर आले. त्यांनी जांघेतली गाठ पाहिली आणि हात धुतले.

"टोचलेली होती ही," ते मुनिमाला म्हणाले. विचारलं नाही, नुसतं म्हणाले. त्यांच्या तोंडाचा रंग गेला होता.

"भोक हाये न सायेब."

वच्छला रडत होती. तिची दुपारची वेळ झाली होती. सुभद्राने हात पुढे केला. डॉक्टर म्हणाले, "लेकराला जवळ आणू नका," आणि तानुबाई दोन पावलं मागे सरली. सुभद्राचा हात तसाच राहिला.

तिसऱ्या दिवशी चटईच्या खोलीत ती वारली. सकाळीच खाटेवर पडली असती तर वाचली असती का? कोणी सांगावं. त्या खोल्यांतून त्या हिवाळ्यात परत आलेल्या थोड्याच. पण तिला यंत्रापुढे उभं राहावं लागलं नसतं, एवढं तर मी खात्रीने सांगतो.

डॉक्टरांनी आपल्या वहीत लिहिलं, की टोचूनही एक मेली. त्यांनी खोटं लिहिलं नाही, त्यांना जे सांगितलं तेच लिहिलं. ते लिहिलेलं कोणी वाचलं नसतं, पण फळीवरच्या सुभद्राला बायकांनी पाहिलं होतं. एकेचाळीसला भोक होतं आणि एकेचाळीस मेली, हे संध्याकाळपर्यंत सगळ्या झोपड्यांत गेलं. बावीस बायका अजून टोचायच्या राहिल्या होत्या. त्यांच्यापैकी एकही कनातीआड गेली नाही. त्या जीन सोडून गेल्या. त्यांच्यातल्या किती जणी होळी पाहू शकल्या नाहीत, हे फाटकावर वेगवेगळ्या तोंडून वेगवेगळं ऐकलं, म्हणून आकडा सांगत नाही. पार्बताबाई मात्र परत आली नाही आणि बेचाळीस नंबरची जागा रिकामी राहिली, एवढं मी स्वतः पाहिलं. तिला खरं माहीत होतं. सुभद्राला सुई दिलेलीच नव्हती, हे ती जाणून होती. पण ती बोलली असती तर तानुबाईची जागा गेली असती, म्हणून ती बोलली नाही. तिने स्वतः कनातीआड जायचं ठरवलं होतं. तिच्या जावेने जाऊ दिलं नाही.

सुई घेतल्यापासून आठव्या दिवशी तानुबाईची सूज उतरली. मला इस्पितळातून शेषरावाने आणलं होतं, उकळत्या पाण्यात टाकून. तिने मला पदराला बांधलं आणि ती फाटकावर गेली.

मुनिमाने भोक पाहिलं. मग क्वचित करी तसं त्याने तोंडाकडे पाहिलं. "सून गेली न तुही? वाईट झालं बाप्पा. जाय."

 शेषराव आईला एकदाच म्हणाला, "जागा राह्यली न?" एवढंच. दुसरं लग्न त्याने केलं नाही. मळा आणि मुलगी, दोन्ही त्याने वाढवली. तानुबाईशी तो कामापुरतं बोले. वच्छलाला गावाने सांगितलं, की तुझ्या मायला सुई बाधली. ती सुईला घाबरत वाढली. तिच्या आजीने ते कधी दुरुस्त केलं नाही.

मी चौदा हंगाम तानुबाईच्या पदराला होतो. तिने मला पुन्हा घासलं नाही. मी काळा पडलो. जिनात नवी यंत्रं आली, साहेब बदलले, डॉक्टर बदलले. गोवर्धन मुनीम म्हातारा झाला, पण ठोकळा आणि मोळा त्याच्याकडेच होता.

चौदाव्या हिवाळ्यात प्लेग पुन्हा जोरात आला. तानुबाईच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. वच्छलाचं लग्न झालेलं होतं, सासरी पाठवणी व्हायची होती, आणि तोपर्यंत तिने जागा धरावी असं ठरलं. सुईचा हुकूम पुन्हा निघाला होता. भोक असेल तर आत, ही रीतही तशीच होती. जुनं भोक चालणार नाही असं कोणी म्हटलं नव्हतं. कारण कोणाला सुचलंच नव्हतं.

वच्छलाने मला पदराला बांधलं. तानुबाई चाचपडत तिच्यामागे आली. रांग होती. मुनिमाने डोळे बारीक करून माझ्याकडे पाहिलं. "एकेचाळीस. भोक हाये. चाल."

वच्छलाने पाय उचलला.

"थांब," तानुबाई म्हणाली.

तिने हात पुढे करून नातीचा पदर पकडला. मी त्या मुठीत आलो.  "मुनीमजी, हे भोक हिचं नोहे."

"घराचं हाये न? मग झालं."

"घराचं नोहे. माह्यं होय. सुई मी घेतली होती. माह्या सुनंनं घेतली नोहती. तिले सुई बाधली नाई. तिले सुई देल्लीच नोहती. मी डॉक्टरच्या तोंडावर लबाड बोलली." मग तिने दोन्ही हात जोडले. "जागा घ्या तुमी. बिल्ला जप्त करा. पन या पोरीले टोचल्याबिगर आत सोडू नका."

 वच्छला आजीकडे पाहत होती.

मुनिमाने चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला. त्याला ती जुनी गोष्ट आठवायला वेळ लागला. आठवली तेव्हा तो म्हणाला, "जागा काहून घेऊ?"

"तुमीच तर म्हनले होते. दुसरी सापडली तर जागा गेली."

"ते होय? अवो बाई, ते सायेबानं ओरडाले लावलं होतं. शिस्त राह्यली पायजे म्हनून. मी आजलोक एकीचाही बिल्ला जप्त केला नाई. यंत्रापुढं उभं राहाले बाई लागते मले, बिल्ला घेऊन काय करू?" मग त्याने कनातीकडे हात केला. "जाय पोरी, टोचून घे. दोन मिनिटं लागतेत."

तानुबाई तिथेच धुळीत बसली.

खरोखर दोन मिनिटं लागली. वच्छला दंड धरून बाहेर आली, तेव्हा आजी ठोकळ्याजवळ सरकून बसलेली होती. ती मुनिमाला म्हणत होती, "आता हिचं वेगळं पाडा."

"एका बिल्ल्याले दोन भोकं? कायले?"

"पाडा म्हनतो न."

मुनिमाने मला ठोकळ्यावर ठेवलं. आता त्याचा हात बसलेला होता. एकाच घावात दुसरं भोक पडलं, लहान आणि साफ. ते वच्छलाचं आहे.

त्या दिवशी दुपारी तानुबाई कडुलिंबाखाली आली, भाकर घेऊन. वच्छलाने भाकर घेतली. खाल्ली नाही. तिने विचारलं, "त्या दिवशी फाटकावर मी कुठी होती?"

तानुबाई म्हणाली, "माह्या कडेवर."

वच्छलाने भाकर परत फडक्यात बांधली, फडकं आजीच्या मांडीवर ठेवलं आणि ती आत गेली.

मित्रांनो, आता मी वच्छलाच्या सासरी, फडताळात असतो. जिनात आता पत्र्याचे बिल्ले झाले आहेत आणि माझं काम संपलं आहे. आमच्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी तुमच्याकडे काहीतरी मागतात. आम्हाला घासा, जपा, फेकू नका, असं म्हणतात. मला तसलं काही मागायचं नाही. मला काळंच राहू द्या. माझी मागणी दुसरीच आहे. माझ्यासारख्या वस्तूच्या अंगावरची खूण पाहून कोणाला आत सोडू नका आणि कोणाला बाहेर ठेवू नका. माणसाला विचारा. आणि विचारण्याआधी, खरं सांगितलं तर त्याची जागा जाणार नाही, हे त्याला आधी सांगा. फाटकावर ओरडून सांगा. धमकी जशी ओरडून सांगता, तसं.

कधीकधी वच्छला मला हातात घेते. तिची बोटं पहिल्या भोकावरून दुसऱ्या भोकावर जातात. मधे सपाट पत्रा आहे, अंगठ्याएवढा. तिथे तिचा अंगठा थांबतो. तिथे भोक नाही.

तिथे सुभद्राचं असायला हवं होतं.